सहा नंबरचा रस्ता : गोंदियाचे जुने ट्रक ड्रायव्हर काय सांगतात

आजच्या भागात पाहुणा कुणी नाही, मी एकटाच बोलणार आहे. मागचं वर्षभर सुट्टीत गोंदियाला गेलो की मी फोनचा रेकॉर्डर चालू करून जुन्या ट्रक ड्रायव्हरांसमोर बसतोय. सगळे सत्तरीच्या आसपासचे. कुणी आमगावकडचे, कुणी देवरीचे, दोघे खुद्द गोंदियाचे. नावं घेणार नाही. ती अट त्यांचीच आहे. ज्या शेठकडे चाकरी केली त्याची पोरं अजून गावात आहेत, दिवाळीला राम राम होतो, उगाच कशाला, असं एकाचं म्हणणं. तेव्हा सगळ्यांना आपण काका म्हणू.

मी हे का करतोय, तेही सांगून टाकतो. माझं काम गाड्यांच्या ट्रॅकिंगच्या सॉफ्टवेअरचं आहे. ट्रकमध्ये एक डबी बसवलेली असते, ती थोड्या थोड्या वेळाने गाडी कुठे आहे ते कळवत राहते. गाडी ठरल्यापेक्षा जास्त वेळ उभी राहिली की मालकाच्या स्क्रीनवर तो ठिपका लाल होतो. आमच्या भाषेत हा आयडल टाइम, म्हणजे वाया गेलेला वेळ. तर हे मी देवरीच्या काकांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बरं, मग ड्रायव्हर झोपतो कधी?" मी म्हटलं, त्याचा वेगळा हिशोब असतो. "आणि टायर ठोकतो कधी?" हे टायर ठोकणं मला माहीत नव्हतं. तिथून रेकॉर्डिंग सुरू झालं.

आधी गोंदियाबद्दल दोन शब्द, बाहेरच्या श्रोत्यांसाठी. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. एका बाजूला मध्य प्रदेश, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. धानाचा मुलूख, त्यामुळे राइस मिलांची गर्दी. एप्रिल-मेमध्ये जंगलातून तेंदूपत्ता निघतो. मुंबई-हावडा लाइनवरचं जंक्शन आहे, पण जबलपूरकडची लाइन कितीतरी वर्षं नॅरोगेज होती. मोठ्या लाइनीचा डबा तिच्यावर चालत नाही, म्हणजे गोंदियात माल उतरवायचा आणि पुन्हा भरायचा. ही उतरव-भरव नको म्हणून बराच माल सरळ ट्रकवर चढे, असं काका लोक सांगतात. आणि दक्षिणेकडून, सडक अर्जुनी, कोहमारा, देवरी असा, जिल्हा ओलांडून जाणारा राष्ट्रीय महामार्ग. हजिरा ते कोलकाता. सरकारी कागदावर २०१० पासून तो ५३ नंबरचा झाला, पण एकाही काकांच्या तोंडी मी ५३ ऐकला नाही. तो सहा नंबरच आहे. 'सहा नंबर लागला की' अशीच सगळ्यांची वाक्यं सुरू होतात.

आता किन्नर. म्हणजे क्लीनर, पण आपल्याकडे कुणी क्लीनर म्हणत नाही. हे सगळेच्या सगळे किन्नर म्हणून गाडीवर चढले, कुणी बाराव्या वर्षी, कुणी पंधराव्या. पगार? आमगावकडचे काका हसलेच. पहिलं दीड वर्ष जेवण, दिवाळीला एक कपड्याचा जोड आणि उस्तादाच्या शिव्या. उस्ताद म्हणजे ड्रायव्हर. त्याच्याआधी उठायचं, काच पुसायची, रेडिएटरमध्ये पाणी टाकायचं, ऑइल बघायचं, चहा आणायचा. स्टीअरिंगला हात लावायची परवानगी नाही. नुसतं बघायचं. कधी तरी रिकाम्या गाडीवर, सरळ रस्त्यावर, उस्तादाचा मूड असेल तर पाच मिनिटं मिळायची. ती पाच मिनिटं नेमकी कुठे मिळाली ते काकांना पन्नास वर्षांनंतर गावाच्या नावासकट आठवतं.

टायर ठोकणं हे किन्नराचं काम. मागच्या धुऱ्याला दोन्ही बाजूंना जोड चाकं असतात. आतला टायर पंक्चर झाला तर बाहेरून दिसत नाही, कारण बाहेरचा टायर वजन पेलून धरतो. पण मग सगळा भार त्या एकावर येतो, तो तापतो आणि फुटतो, कधी पेट घेतो. म्हणून गाडी थांबली की लोखंडी टॉमी घेऊन खाली उतरायचं आणि एकेक टायर ठोकायचा. भरलेला टायर टणकन वाजतो, बसलेला भद्द बोलतो. काकांनी मला दोन्ही आवाज तोंडाने काढून दाखवले, रेकॉर्डिंगमध्ये आहेत. दर साठ-सत्तर किलोमीटरवर हे करायचं, रात्री दोन वाजता, पावसातसुद्धा. माझ्या स्क्रीनवर ही सगळी मिनिटं लाल आली असती.

दुसरं काम घाटातलं. देवरीच्या अलीकडे मासुलकसा घाट आहे. सह्याद्रीतले घाट चढलेल्या माणसाला तो घाट वाटणार नाही, पण पोती भरलेल्या जुन्या गाडीला तेवढा पुरे. चढावर इंजिन दमलं की किन्नर चालत्या गाडीतून उडी मारायचा, हातात लाकडी ठोकळा. गाडी मागे सरकायच्या आत तो चाकामागे टाकायचा. ठोकळा टाकून हात काढून घ्यायला किती वेळ मिळायचा, असं मी विचारलं. काकांनी उजवा हात पुढे केला. करंगळीचं वरचं पेर नाही. त्यावर ते काही बोलले नाहीत, मीही विषय पुढे नेला.

गाड्या कुठल्या? बहुतेकांची पहिली गाडी टाटा, तीही मर्सिडीजचा तारा असलेली जुनी. टाटांचा डेमलर-बेंझशी करार १९५४ चा, तो १९६९ ला संपला, पण त्या गाड्या पुढे कितीतरी वर्षं चालत होत्या आणि लोक त्यांना बेंझच म्हणत. पॉवर स्टीअरिंग नाही. भरलेली गाडी जागेवर वळवायची तर सीटवरून अर्धं उठून, दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून चाक फिरवायचं. इंजिनाची धग केबिनमध्ये. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस आणि आत त्याहून जास्त. डाव्या पायाला इंजिनाची आणि उजव्या हाताला उन्हाची झळ. गोंदियाच्या एका काकांनी दोन्ही हात शेजारी ठेवून दाखवले, उजवा अजूनही काळा आहे. कानाचंही तसंच. खिडकी उजवीकडे, समोरून येणाऱ्या गाड्यांचा आवाज त्या कानात, म्हणून तो कान गेला, असं त्यांचं निदान आहे. डॉक्टरांचं काय आहे मला माहीत नाही, पण मी त्यांच्या डावीकडेच बसायला शिकलो.

आता १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या नव्या ट्रकांच्या केबिनमध्ये एसी बसवणं सक्तीचं झालंय. ही बातमी मी त्यांना दिली तर ते म्हणाले, "चांगलं आहे, पण मग पोरगा काच बंद करेल आणि गाडीचा आवाज कसा ऐकेल?" मला वाटलं, ही म्हाताऱ्या माणसाची तक्रार. पण त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. त्यांच्याकडे डॅशबोर्डवर सूचना देणारं काही नव्हतं. डिझेलच्या लाइनीत हवा शिरली, पाट्याचं एक पान तुटलं, बेअरिंग जळायला लागलं, हे सगळं आवाजावरून आणि वासावरून कळायचं. हवा धरली तर बोनेट उघडून हातपंप मारत बसायचं, फेस जाऊन स्वच्छ डिझेल येईपर्यंत. मेकॅनिक पुढच्या गावात, आणि पुढचं गाव जंगलापलीकडे.

माल भरण्याची गोष्ट मला सगळ्यात आवडली, त्यावर जरा थांबतो. मी समजत होतो वजन म्हणजे वजन. गाडीला काय फरक पडतो त्यात धान आहे की पानं? पण यांच्या लेखी धानाची गाडी आणि तेंदूची गाडी हे दोन वेगळे प्राणी आहेत.

धान किंवा तांदूळ जड. त्या काळी पोतं शंभर किलोचं, पाठीवर घेऊन फळीवरून चढणारे हमाल. वजन खाली बसतं, गाडी रस्ता धरून चालते. त्रास चढावर आणि ब्रेकला. तेंदूचं उलटं. पानाला वजन नाही, म्हणून मालक उंची वाढवतो. केबिनच्या वर, तिच्याही वर. गाडी काट्यावर हलकी निघते, पण वळणावर डोलते. देवरीचे काका म्हणाले की तेंदूची गाडी चालवताना रस्त्यापेक्षा वर जास्त बघावं लागतं. झाडाची फांदी, टेलिफोनची तार, आणि वारा. वादळी वारा सुटला की उघड्यावर थांबायचं नाही आणि झाडाखालीही थांबायचं नाही, मग थांबायचं कुठे ते तुम्ही ठरवा.

तेंदूचा सगळा हंगामच घाईचा. मजूर पहाटे जंगलात जाऊन पानं तोडतात, सत्तर पानांचा एक पुडा बांधतात, फळीवर आणून देतात. फळी म्हणजे संकलनाची जागा, पाटबिट नाही. तिथे पुडे उन्हात वाळवायचे, उलटवायचे, मग पान तुटू नये म्हणून पाणी शिंपडून पोत्यात भरायचं. १९६९ च्या कायद्यानंतर तेंदूचा व्यापार सरकारच्या ताब्यात आला, त्यामुळे वनखात्याचा वाहतूक परवाना असल्याशिवाय एक पोतं हलत नाही. कागद आला की गाडी लागलीच निघाली पाहिजे, कारण एक अवकाळी पाऊस आला की पान काळं पडतं. आणि ताडपत्री बांधण्यात एवढीशी फट राहिली तर उतरवताना भांडण. उन्हात कोरडं पान आणि खाली तापलेला सायलेन्सर, त्यामुळे तेंदूच्या गाडीवर बिडी ओढायची बंदी. बिडीचं पान भरलेल्या गाडीवर बिडी नाही, हा विनोद प्रत्येक काकांनी स्वतःचा म्हणून मला ऐकवला.

रस्सा आवळणं ही तर विद्या आहे. दोघे दोन बाजूंना, एकाने पाय लावून ओढायचं, दुसऱ्याने गाठ धरून ठेवायची. वीस-पंचवीस किलोमीटर गेल्यावर माल बसतो, रस्सा सैल होतो, तेव्हा थांबून परत आवळायचा. पुन्हा तेच, माझ्या हिशोबाने गाडी उगाच उभी.

सीमेचा प्रश्न गोंदियाला जन्मापासून चिकटलेला आहे. बाघ नदी ओलांडली की दुसरं राज्य. २००० पर्यंत ते मध्य प्रदेश होतं, मग छत्तीसगड झालं. नॅशनल परमिटची योजना १९७५ ला आली, पण परमिटं मोजकी आणि निवडक राज्यांपुरती. ज्याच्याकडे ते नव्हतं त्याची गाडी सीमेपर्यंतच कामाची. नागपूर ते रायपूर अंतर तीनशे किलोमीटरही नाही, पण काकांच्या आठवणीत ते किलोमीटरमध्ये नाहीच, नाक्यांमध्ये आहे. विक्रीकराचा नाका, वनखात्याचा, गावोगावची चुंगी. प्रत्येक ठिकाणी बिल्टी दाखवा, शिक्का घ्या, रांगेत उभे राहा. एकदा रांगेत दोन रात्री काढल्याचं एकजण सांगतात, तिथेच स्टोव्हवर भात शिजवला, पुढच्या गाडीवाल्याचं वरण आणि यांचा भात. एकरकमी फी भरून देशभर फिरण्याचं परमिट २०१० मध्ये आलं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि विक्रीकराचे नाके उठले, पुढच्या वर्षी ई-वे बिल. आमच्या क्षेत्रात सगळे याचं कौतुक करतात आणि मीही करतो. पण नाक्यावर गाठीभेटी व्हायच्या, बातम्या कळायच्या, कुणाची गाडी कुठे पलटली ते कळायचं. तेही नाक्याबरोबर गेलं, असं काका म्हणतात. नाके परत यावेत असं मात्र एकानेही म्हटलं नाही, हे नोंदवून ठेवतो.

आता घरचं. यासाठी मी काकूंशी बोललो, सहा नंबरला लागून असलेल्या एका गावात. काका बाजूला बसले होते आणि मध्ये मध्ये तोंड घालत होते, तर काकूंनी त्यांना सरळ चहा करायला पाठवलं.

गाडी निघाली की पंधरा दिवस, महिना, काही पत्ता नाही. फोन गावात एकच, पोस्टात. पोस्टकार्ड यायचं, पण बऱ्याचदा कार्ड येण्याआधी माणूसच यायचा. लिहिता न येणारे ड्रायव्हर ढाब्यावर कुणाकडून तरी लिहून घ्यायचे, त्यामुळे सगळ्या कार्डांतला मजकूर सारखाच, खुशाल आहे, काळजी नसावी. काकूंचं म्हणणं, अक्षर दर वेळी वेगळं, त्यामुळे ते आपल्याच नवऱ्याचं आहे हे खालच्या नावावरूनच कळायचं.

मग त्यांनी भोंग्याचं सांगितलं. गाडी कधी कधी गावावरूनच जायची, रात्री, पण माल वेळेचा असला की थांबता यायचं नाही. शेठची ताकीद असायची. तेव्हा काका गावाच्या अलीकडे भोंगा वाजवायचे, दोन छोटे आणि एक लांब. नागपूरकडे जात असतील तर तेवढंच. रायपूरकडे जात असतील तर लांबच्यानंतर अजून एक छोटा. झोपेतून उठून काकू ऐकायच्या. दिवसाचे हिशोब त्यावर चालायचे, म्हणजे रायपूरकडे गेले तर अजून आठ दिवस तरी नाही, किराणा उधार आणायचा. एका पावसाळ्यात एकवीस दिवस भोंगा नाही. काकू रात्री जागायच्या, दुसऱ्या गाड्यांचे भोंगे मोजायच्या. शेवटी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मुनीमाला विचारायला दिराला पाठवलं, तेव्हा कळलं की पूर आला आहे, पुलाच्या पलीकडे गाड्या अडकल्यात. काका आले तेव्हा काकू काय बोलल्या, असं मी विचारलं. "काय बोलणार? पाणी तापवलं."

आता ज्या गोष्टीसाठी मी हा भाग करायचा ठरवला, तिकडे येतो.

या माणसांकडे आयुष्यभराच्या कामाचा कागद नाही. चाळीस चाळीस वर्षं गाडी चालवली, पण नेमणुकीचं पत्र नाही, पगाराची चिठ्ठी नाही, पीएफ नाही. आपल्याकडे २०२५ पर्यंत १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता. त्यात दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास काम, लांबच्या मार्गांना थोडी सूट, विश्रांती, रजा, सगळं लिहिलेलं होतं. पण तो लागू होता पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला. आणि गोंदियातला मालक म्हणजे बहुधा एक गाडी, दोन गाड्या. ड्रायव्हर दोन, किन्नर दोन, झाले चार. मी हे कलम वाचून दाखवलं तेव्हा आमगावकडच्या काकांनी बोटांवर त्यांच्या तिन्ही मालकांच्या गाड्या मोजल्या आणि म्हणाले, एकाकडेही बसत नाही. साठ वर्षं कायदा होता आणि यांच्या गाडीपर्यंत तो पोचलाच नाही.

पुरावा म्हणून उरलं काय, तर लायसन्स. अवजड वाहनाचं लायसन्स आधी तीन वर्षांनी नवं करावं लागे, आता पाच. मध्ये काही वर्षं आठवी पासची अट होती, ती २०१९ मध्ये केंद्राने काढली. अट होती त्या काळात किन्नराची पोरं गाडी शिकूनही लायसन्सविना राहिली. जे गुरुकुल मी मघाशी सांगितलं, बारा वर्षांचा पोरगा, उस्तादाच्या शिव्या, ते बंद झालं हे बरंच झालं, त्यात शंका नाही. लहान मुलं कामाला जुंपणं ते. पण त्याच्या जागी दुसरी शिकायची सोय पुरेशी उभी राहिली नाही, आणि आज मालक ड्रायव्हर मिळत नाही म्हणून रडतात. काकांपैकी एकाच्याही मुलाने हा धंदा धरला नाही. एकाचा मुलगा तिरोड्याला पॉवर प्लांटमध्ये ठेकेदाराकडे आहे, एक नागपुरात मोबाइल दुरुस्त करतो.

अपघाताचाही विषय निघाला, निघणारच. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ड्रायव्हरांनी संप केला होता, तुम्हाला पेट्रोल पंपावरच्या रांगा आठवत असतील. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (२) मध्ये, अपघात करून न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा लिहिलीय. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली, हे पोटकलम मात्र बाजूला ठेवलं गेलं. माझं मत साधं होतं, पळायचं कशाला? मी ते बोलून दाखवलं. गोंदियाचे काका बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी एक रात्र सांगितली. सायकलवाला अचानक समोर आला, ब्रेक लागला पण गाडी भरलेली. ते उतरले, त्याला उचलायला गेले आणि गावातून लोक धावत आले, काठ्या घेऊन. किन्नराने ओढून केबिनमध्ये टाकलं. गाडी त्यांनी थेट पुढच्या पोलीस ठाण्यात नेऊन उभी केली आणि सांगितलं, मी केलंय. तो सायकलवाला वाचला. केस पाच वर्षं चालली. दर तारखेला ट्रिप बुडायची, शेठ तेवढे पैसे कापायचा. आजही काका त्या गावावरून बसने जाताना खिडकीकडे बघत नाहीत. ठाण्यापर्यंत जाणं म्हणजे पळणं की कळवणं, हे मला आता इतकं सोपं वाटत नाही.

आमच्या टीममध्ये मी दोन बदल सुचवलेत. टायर तपासणं आणि रस्सा आवळणं यासाठी ठरावीक अंतरावर थांबलेली गाडी लाल दाखवायची नाही. आणि सलग किती तास गाडी चालली हे मालकाच्या स्क्रीनवर थांबण्याच्या वेळेच्या वर, मोठ्या अक्षरात दाखवायचं. पहिला मंजूर झाला. दुसऱ्यावर चर्चा सुरू आहे, म्हणजे काय ते नोकरी करणाऱ्यांना कळेल.

दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत मी परत जातोय. नाटकं बघायला सगळे गावात असतात, तेव्हा अजून काही जण भेटतील. तुमच्या घरी कुणी ड्रायव्हर असेल, किंवा माळ्यावरच्या पेटीत जुन्या बिल्ट्या, परमिटचे कागद, नाक्याच्या पावत्या पडल्या असतील, तर फेकू नका, मला फोटो पाठवा. बिल्टीवर गाडी नंबर, माल आणि तारीख असते, ड्रायव्हरचं नावही कधी कधी असतं. आमगावकडच्या काकांकडे अशी एकच उरली आहे, तांदळाची, घडीवर फाटलेली. त्यावर त्यांचं नाव चुकीचं लिहिलंय, पण ती त्यांनी लायसन्सच्या पाकिटात लायसन्सच्या पुढे ठेवली आहे.